दीड इंचाचे सासरे

"कंपनी तेवढी विश्वासार्ह बघा," एवढंच बायको म्हणाली होती. मी "बघतो" म्हणालो. माझ्या आयुष्यातल्या बहुतेक आपत्ती या एका शब्दातून जन्माला आलेल्या आहेत.

काम साधं होतं. सासू-सासऱ्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं होत होती. त्यांचा पंचवीस वर्षांपूर्वीचा, तळ्याकाठच्या बाकावरचा एक फोटो आहे. तो मोठा करून कॅनव्हासवर छापून घ्यायचा आणि त्यांच्या दिवाणखान्यात लावायचा. सासरे हसू शकतात याचा तो फोटो म्हणजे उपलब्ध असलेला एकमेव पुरावा. (मोजणी खात्यात नोकरी झाली त्यांची. जन्मभर लोकांच्या हद्दी ठरवल्या, त्यामुळे चेहऱ्यालाही कुंपण.) फोटो मावससासूबाईंनी काढलेला असल्यामुळे सगळं डावीकडे घसरलं आहे. सासरे अगदी डाव्या टोकाला, त्यांचा हात सासूबाईंच्या खांद्यावर, आणि उजवीकडे एक थर्मास आणि वाटेल तेवढं तळं.

आता विश्वासार्ह कंपनी शोधायची म्हणजे काय करायचं? मी पाणीपुरवठा कार्यालयात कारकून आहे. आम्ही कुठलंही काम तक्ता आखल्याशिवाय सुरू करत नाही. मी नऊ कंपन्यांचा तक्ता आखला आणि लोकांनी लिहिलेले अभिप्राय वाचायला बसलो. एकाच कंपनीबद्दल एक गृहस्थ लिहितो, "अप्रतिम! डोळ्यांत पाणी आलं." दुसरा लिहितो, "भयंकर! डोळ्यांत पाणी आलं." रकाना कुठला भरायचा?

शेवटी फोन करून खात्री करावी असं ठरवलं. पहिलाच नंबर कुठून उचलला होता देव जाणे.

"कॅनव्हासचं काम करता ना?" मी विचारलं.

"करतो की. गाडी किती टनी?"

"गाडी नाही हो, सासू-सासरे आहेत."

"बरं. उघड्यावर राहणार की शेडमध्ये?"

"दिवाणखान्यात!"

"मग ताडपत्री कशाला लागते?" तो म्हणाला आणि फोन ठेवला. मला वाटतं, त्याच्याही डोळ्यांत पाणी आलं असावं.

दुसऱ्या कंपनीने मला वीस मिनिटं गाणं ऐकवलं. तिसरीने मात्र दोन दिवसांत कापडाचा नमुना घरी पाठवला. मी तो नळाखाली धरला, साबणाने घासला, खिडकीत तीन दिवस वाळवला आणि भिंगातून बघितला.

"अहो, फोटो छापायचाय, धरण नाही बांधायचं," बायको म्हणाली. "समारंभ बारा दिवसांवर आलाय!"

रंग गेला नव्हता. एकशे ऐंशी लोकांनी त्यांच्या "सुंदर दुमडलेल्या कडां"ची स्तुती केली होती. मी त्यांच्या संकेतस्थळावर फोटो चढवला. तिथे प्रश्न आला: कडा कशा हव्यात, फोटो दुमडून की कोऱ्या पांढऱ्या? एकशे ऐंशी माणसं खोटं बोलणार आहेत का? मी "फोटो दुमडून"वर खूण केली आणि विजयी मुद्रेने चहा मागितला. (मिळाला नाही.)

खोकं वेळेच्या एक दिवस आधीच आलं, थेट सासऱ्यांच्या घरी. समारंभाच्या दिवशी अकरा वाजता पंधरा-वीस नातेवाइकांसमोर सासऱ्यांनी स्वतःच्या हाताने वेष्टन कापलं, अगदी सरळ रेषेत. चित्र बाहेर आलं. रंग झकास होते. तळं तर असं उतरलं होतं की कुणालाही पोहावंसं वाटावं. डावीकडे सासूबाई प्रसन्न हसत होत्या.

आणि त्यांच्या खांद्यावर एक हात होता. नुसता हात. त्याला मालक नव्हता.

मावससासूबाईंनी सगळ्यांच्या मनातला प्रश्न विचारला, "ताई, हा कुणाचा गं?"

बायकोने माझ्याकडे बघितलं. ती नजर मी नमुन्याच्या कापडासारखी नळाखाली धरून घासली असती, तरी गेली नसती. मी धावत जाऊन चित्र उचललं, वळवलं, आणि सासरे सापडले! हे कापड लाकडी चौकटीवर ताणून बसवतात. त्यामुळे फोटोची कड चौकटीच्या बाजूवर वळते. सासरे डोक्यापासून चपलांपर्यंत त्या बाजूवर होते. हसत होते.

"आहेत! इकडून बघा, आहेत!" मी ओरडलो आणि चित्र भिंतीला टेकवून धरलं. सगळे नातेवाईक ओळीने भिंतीला गाल लावून बघून आले.

सासरे शेवटी गेले. खिशातून टेप काढली, चौकटीची जाडी मोजली आणि टेप सट्कन मिटली.

"दीड इंच," ते म्हणाले. "जावईबापू, पन्नास वर्षांच्या संसारात आमच्या वाट्याला दीड इंच."

मी तिथूनच, गॅलरीत जाऊन, कंपनीला फोन लावला.

"नमस्कार सर, काय मदत करू?" एक गोड आवाज म्हणाला.

"काय मदत करू? माझे सासरे बाजूला गेले!"

"ऐकून फार वाईट वाटलं, सर. कधी गेले?"

"गेले नाहीत हो, दुमडले!"

"म्हणजे अर्धांगवायू का, सर?"

"फोटोत! चौकटीवर! तुम्ही छापलेल्या!" माझा आवाज आत ऐकू जात होता, कारण आतले सगळे आवाज बंद झाले होते.

तिने ऑर्डर उघडली. "सर, छापण्याआधी आम्ही आपल्याला चित्र मेलवर पाठवलं होतं. वर लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'डावीकडची व्यक्ती बाजूवर जात आहे, चालेल का?' आपण अकरा सत्तावीसला 'मान्य' दाबलंय."

अकरा सत्तावीस! त्या वेळी मी ऑफिसात असतो. नळजोडणीचे अर्ज पडद्यावर येत असतात आणि मी न वाचता "मान्य" दाबत असतो. अठरा वर्षांत त्या बोटाला दुसरं काही शिकवलेलंच नाही.

"आम्हाला शंका आली म्हणून फोनही केला होता, सर. आपण म्हणालात, 'अर्जात लिहिलंय ना? मग तसंच करा.'"

म्हणजे कंपनी विश्वासार्ह निघाली. नऊपैकी नेमकी मी बरोबर निवडली होती. तक्त्यात एक माणूस तपासायचा राहून गेला होता.

ती पोरगी खरोखर भली. चूक त्यांची नसताना, पांढऱ्या कडांचं नवं चित्र आठवड्यात पाठवते म्हणाली. मी मान खाली घालून आत आलो आणि जाहीर केलं, "बदलून मिळणार आहे. हे परत द्यायचं."

"मुळीच नाही," सासूबाई म्हणाल्या.

त्या कधीच मोठ्याने बोलत नाहीत, म्हणून सगळे वळले. त्या चित्रासमोर उभ्या होत्या.

"लग्न झाल्यापासून माझा एकटीचा एकही फोटो नाही. प्रत्येक फोटोत शेजारी हे, नाहीतर कडेवर कुणाचं तरी पोर. मी अशी दिसायचे हे मला माहीतच नव्हतं." मग त्यांनी त्या हातावर हळूच बोट टेकवलं. "आणि हात आहे की खांद्यावर. पुरे तेवढा."

सासऱ्यांनी चित्र स्वतः भिंतीवर लावलं, दोन्ही बाजूंनी मोजून. मग आपली खुर्ची उचलली आणि भिंतीला अगदी चिकटून, जिथून बाजू दिसते तिथे नेऊन ठेवली. हल्ली ते तिथेच बसतात.

नवं चित्र आठवड्यात आलं. पूर्ण सासरे, चपलांसकट. पण सासूबाईंनी ते उंबऱ्याच्या आत घेतलं नाही, त्यामुळे ते आमच्या जेवणाच्या टेबलासमोर लागलं. आता मी तोंडात घास घातला की सासरे हसतात.

बायकोने या प्रकारानंतर माझ्याशी बोलणं "हो", "नाही" आणि "बघितलं?" या तीन शब्दांवर आणलं होतं. तिसऱ्या आठवड्यात ऑफिसातला शेजारच्या टेबलावरचा मित्र घरी आला. चहाचा कप घेऊन तो चित्रासमोर बराच वेळ उभा राहिला. कधी वहिनींकडे बघे, कधी माझ्याकडे.

"वहिनी, काय सुंदर आलाय हो फोटो! तुम्ही तर अगदी आहात तशाच आहात," तो म्हणाला. मग माझ्या पाठीवर थाप मारली. "पण तू? अरे, ओळखूच येत नाहीस! एवढा रुबाबदार होतास तू?"

बायको तीन आठवड्यांत पहिल्यांदा हसली. इतकी हसली की तिला खुर्ची धरावी लागली.

त्याला खरं काय ते मी सांगितलं नाही. तिनेही सांगितलं नाही. आग्रह करकरून त्याला दुसरा चहा मात्र पाजला.