सोबत मंडळ

विलेपार्ल्याच्या अंत्यविधी साहाय्यक मंडळाची पाटी चिटणीस श्यामकांत यांच्या गॅलरीला टांगलेली होती, आणि समोरच्या बिऱ्हाडांची तक्रार नेमकी तिच्याबद्दल होती. सकाळी दूध घ्यायला दार उघडलं की पहिलं दर्शन त्या अक्षरांचं. शेवटी घरमालकांनी श्यामकांतांना बोलावून सांगितलं, की काम पुण्याचं आहे, पण पाटी तेवढी उतरवा.

मंडळ होतं पाच जणांचं. कुणाच्या घरी माणूस गेलं की बांबू, सुतळी, मडकं घेऊन हजर व्हायचं आणि खांदा द्यायचा, हे त्यांचं काम. संस्थापक भाऊ, निवृत्त शिक्षक, गुडघ्यांमुळे आता नुसते सल्ला देत. ते म्हणाले, "नाव बदला हवं तर. काम बदलता कामा नये. ज्याला कुणी नाही त्याच्याबरोबर आपण चालायचं, एवढंच." त्यावरून 'अखेरची सोबत मंडळ' असं नाव ठरलं. रंगाऱ्याकडे गेल्यावर श्यामकांतांना वाटलं, 'अखेरची' वाचून पुन्हा तीच तक्रार येणार. त्यांनी तो शब्द स्वतःच्या अधिकारात गाळला. नवी पाटी लागली: 'सोबत मंडळ. केव्हाही हाक मारा.'

तिसऱ्याच दिवशी, रविवारी, मागच्या आळीतल्या जानकीबाईंनी हाक मारली. त्या एकट्या राहत. मोरीत घसरून त्यांचा पाय मुरगळला होता आणि बाजाराच्या पलीकडे डॉक्टरांकडे जायला त्यांना सोबत हवी होती. श्यामकांत सांगायला गेले की आमचं काम जरा वेगळं आहे. पण सुजलेला पाय पाहून त्यांच्या तोंडून ते निघेना, आणि पाटी तर त्यांनीच लिहवून घेतलेली.

आळी नळासाठी खणलेली, त्यामुळे टांगा दारापर्यंत येईना. म्हणून त्यांनी मंडळातल्या दशरथ, धोंडू आणि चंद्रप्रकाशला बोलावलं. जानकीबाईंना त्यांच्या आरामखुर्चीत निजवलं आणि खुर्चीच्या दोन्ही बाजूंना मंडळाचे बांबू बांधले. दशरथ सुतळी आवळू लागला तसे श्यामकांत हळूच म्हणाले, "अरे, जरा वेगळी गाठ मार."

"माका हीच एक गाठ येता," दशरथ म्हणाला.

ऊन लागू नये म्हणून जानकीबाईंनी पांढरी शाल गळ्यापर्यंत ओढून घेतली आणि डोळे मिटले. चौघांनी सवयीप्रमाणे चपला दारातच ठेवल्या, बांबू खांद्यावर घेतले आणि सवयीप्रमाणेच, कुणी काही न बोलता, सावकाश चालू लागले.

या चौघांना पार्ल्यात कोण ओळखत नव्हतं? बाजारात शिरताच टोप्या उतरल्या. वाण्याने फळी अर्धी ओढून घेतली. फुलवाल्याने येऊन पायाशी हार ठेवला. श्यामकांत खालच्या आवाजात सांगत होते, की अहो, पाय मुरगळलाय नुसता. लोक सहानुभूतीने मान हलवत होते. तेवढ्यात डोळे किलकिले करून जानकीबाई म्हणाल्या, "पार्ल्यात माणुसकी आहे हो अजून," आणि फुलवाल्याच्या हातची टोपली खाली पडली.

पण तोवर वाण्याने टेलिफोन केला होता. जानकीबाईंचा मुलगा जयवंत मालाडला राहायचा. सासूसुनेचं काही बिनसलं होतं, आणि दोन वर्षांत तो आईच्या दारात आला नव्हता. तो बायकोला घेऊन निघाला तो थेट स्मशानात. तिथे कुणीच नाही, म्हणून धापा टाकत घरी आला, तर आई पायाला पट्टी बांधून त्याच आरामखुर्चीत चहा पीत बसलेली आणि भोवती मंडळाचे चौघे.

जयवंत उंबऱ्यावरच बसला आणि लहान मुलासारखा रडला. मग उठून श्यामकांतांवर घसरला. जिवंत माणसाची अशी बातमी पसरवता, फिर्याद करीन, असं बरंच बोलला. श्यामकांत मान खाली घालून ऐकत राहिले. त्यांना ते सगळं पटत होतं.

"पुरे," जानकीबाई म्हणाल्या. "मी दोन वर्षं कार्डं टाकली, तेव्हा आला नाहीस. यांनी एका तासात आणलं तुला." मग सुनेकडे वळून त्या जरा हळू म्हणाल्या, "डब्यात तांदूळ आहेत गं. तुमचंही टाक."

सून पदर खोचून आत गेली. चौघांनी आपले बांबू उचलले.

श्यामकांतांना त्या रात्री झोप लागली नाही. सकाळी उठून ते पाटी बदलायला रंगाऱ्याकडेच निघाले होते, तर जिन्यात रुक्मिणीबाई उभ्या. पलीकडच्या चाळीतल्या, सत्तरीच्या, चांगल्या ठणठणीत.

"आपल्याला कुठे लागलंबिगलं तर नाही ना?" श्यामकांतांनी काळजीने विचारलं.

"नाही हो. पाय अगदी बरे आहेत." त्या कठड्याशी चाळा करू लागल्या. "माझा धाकटा घाटकोपरला असतो. तिकडची माणसं आपल्या बाजाराला येतात का कधी?"

रंगाऱ्याकडे जायचं श्यामकांतांनी सोडून दिलं. मग जिना परत चढून त्यांनी घरातून कागद-पेन्सिल आणली आणि विचारलं, "मुलाला सुट्टी कुठल्या वारी असते, आजी?"