म्हातारी जिती आसा

दळवींच्या खोलीला कुलूप लागून कैक वर्षं झाली, तरी दळवींचा टॉवेल रोज सकाळी ओला असतो.

हा चमत्कार लालबागच्या आमच्या चाळीत, दुसऱ्या मजल्यावर घडतो, आणि घडवतात आमचे शेजारी वसंत मेस्त्री. दळवी मंडळी गावी देवगडकडे जाऊन राहिली. चाळ पाडून टॉवर होणार, होणार, हे ऐकत मी लहानाचा मोठा झालो. टॉवर काही आला नाही, पण मोजणीवाले अधूनमधून उगवतात. कुलूप दिसलं की 'बंद' लिहितात. एकदा 'बंद' लिहिलेली खोली परत उघडायला दळवींच्या पुढच्या पिढीचे जोडे झिजतील. म्हणून मेस्त्रीकाका स्वतःची आंघोळ उरकली की दळवींचा टॉवेल बादलीत बुडवतात, पिळतात आणि त्यांच्या दारापुढच्या दोरीवर टाकतात.

"सुको टॉवेल म्हणजे घरात कोण नाय," काका म्हणतात. "ओलो टॉवेल म्हणजे माणूस आताच न्हाऊन कामाक गेलो."

मागच्या खेपेला मोजणीच्या बाईंनी विचारलं, "दळवी कुठे आहेत?"

"भायखळ्याक भाजी आणूक गेलेत. बसा, च्या घेवा. येतीलच."

बाई थांबल्या नाहीत. त्यांना पुढच्या चाळीला जायचं होतं. खोली वाचली.

आता माझ्याबद्दल एवढंच, की मी विज्ञानाचा पदवीधर आहे. माझ्याआधी आमच्या घरात कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं, आणि हे मी मान वर करूनच सांगतो. त्या पदवीवर मी एका सॉफ्टवेअर कंपनीत चिकटलो. तिथे माझं काम म्हणजे गिऱ्हाइकांना फोनवरून कळवायचं, की तुमची आवृत्ती जुनी झाली, तिला आता सपोर्ट नाही, आजवरच्या सहकार्याबद्दल आभार. लोकांना गोड शब्दांत दाराबाहेर काढणं हा आता शिकल्यासवरल्यांचा धंदा झालाय. मोजणीवाले तेच करतात, फक्त ते जिने चढून येतात.

काका गिरणीत इलेक्ट्रिशियन होते. गिरणी गेल्यावर प्रभादेवीच्या एका छापखान्यात लागले. छापखानाही गेला. तिथले कॉम्प्युटर भंगारात निघाले तेव्हा काकांनी दोन टॅक्सीत घालून घरी आणले. हे कॉम्प्युटर वेगळ्या जातीचे. तुमच्या-माझ्या कॉम्प्युटरात असतो तो प्रोसेसर यांच्यात नाही, आणि यांच्यातला आता कोणी बनवत नाही. असल्या टाकलेल्या मशीनवर लिनक्स चालतं हे काकांना कुठून कळलं देव जाणे. विंडोजसारखंच कॉम्प्युटर चालवणारं हे लिनक्स फुकट मिळतं आणि जगभरचे हौशी लोक ते सांभाळतात. काकांनी ते एका मशीनवर चढवलं, छापखान्यातला पानं लावायचा जुना प्रोग्रॅमही त्याच्या पोटात बसवला, आणि मशीनचं नाव ठेवलं म्हातारी.

तेव्हापासून चाळीच्या सगळ्या सूचना म्हातारीवर तयार होतात. त्या प्रोग्रॅममध्ये काकांना लग्नपत्रिकेचीच चौकट सापडते, त्यामुळे 'उद्या पाणी येणार नाही' हेसुद्धा आमच्याकडे वेलबुट्टीत आणि वर गणपती घालून लागतं. एकदा तर 'संडासचे दार तुटले आहे' ही सूचनाही तशीच लागली. तळमजल्याच्या सावंतवहिनी म्हणाल्या, "मेस्त्रीनू, आहेर नको ना?"

नवीन लिनक्स आलं की काका ते म्हातारीवरच घडवतात. या जातीच्या मशीनसाठी ते कुठे तयार मिळत नाही. आज सकाळी लावलेलं काम उद्या संध्याकाळी संपतं. तोवर म्हातारी तापते, तिचा पंखा गिरणीतल्या साच्यासारखा खडखडतो आणि तिच्या पाठीवर अख्ख्या मजल्याचे पापड वाळतात. शेवटी पडदा उजळला की काका गॅलरीत येऊन ओरडतात, "म्हातारी जिती आसा!" मग आत जाऊन तेच इंग्रजीत लिनक्सवाल्यांना कळवतात. मेल ठरलेला. 'सर, मशीन अलाइव्ह. रिगार्ड्स, मेस्त्री.'

"कशाला हा उपद्व्याप?" मी एकदा म्हटलं. "तुमचा मुलगा ऐरोलीहून नवा लॅपटॉप देतो म्हणतो ना?"

"झिला, ते लोक विचारतत, हे मशीन अजून कोण वापरता काय? कोण बोलला नाय तर काढून टाकतले. मोजणीच ती."

त्या मोजणीत काकांच्या जोडीला जगात आणखी एकच माणूस उरला होता. पोलंडचा यानुश. काका त्याला जनू म्हणायचे. जनूचं मशीन काकांच्या दुसऱ्या, बरेच दिवस बंद पडलेल्या मशीनच्याच मॉडेलचं. पंखा घासून कसा बसवावा, डिस्क कुरकुरली तर काय करावं, असली दोघांची पत्रं चालायची. काकांचं इंग्रजी तुटकं, जनूचं त्याहून तुटकं, त्यामुळे दोघांचं चांगलं जमलं होतं. नाक्यावर कोणी भेटलं तरी काका सांगायचे, "आमच्या जनूकडे बर्फ पडलो."

मग लिनक्सवाल्यांनी कळवलं, की या प्रोसेसरवर निदान दोघं तरी चाचणी करणारे हवेत, नाहीतर पुढच्या आवृत्तीतून तो काढू. आणि नेमका तेव्हाच जनू गप्प झाला. काकांनी पत्रावर पत्र टाकलं, उत्तर नाही. काकांचा आवाज गॅलरीत येईनासा झाला. पापड तेवढे वाळत होते.

काही आठवड्यांनी गॅलरीतून पुन्हा हाक आली, आणि या वेळी दोनदा. मी आत गेलो. दुसरं मशीनही सुरू होतं. उघडून, घासून, कुठले कुठले भाग बसवून काकांनी ते उठवलं होतं. पडद्यावर नुकताच पाठवलेला मेल होता. 'सर, मशीन अलाइव्ह. रिगार्ड्स, यानुश.'

मी कपाळावर हात मारला. "काका, हे खोटं आहे!"

"खोटा काय त्यात? मशीन त्याच्याच मॉडेलचा. चालता. रिपोर्ट खरो आसा."

"नाव?"

"नाव जनूचा. खोली त्याची आसा ना!" काका माझ्याकडे बघेनात. "माणूस भाजी आणूक गेलो तर लगेच 'बंद' लिहायचा?"

मी जगाची रीत सांगणार होतो, पण ज्या जगाची रीत मी रोज फोनवर सांगतो त्याबद्दल मला तरी कुठे आदर आहे? 

लिनक्सवाल्यांच्यात मात्र कोणीतरी भाजीची वाट बघत थांबणारं निघालं. पत्र आलं आणि काकांनी ते वाचायला मला बोलावलं. सभ्य पत्र होतं. यानुश वारल्याचं त्याच्या मुलीने मागेच कळवलं होतं, तेव्हा त्याच्या नावाने येणारे रिपोर्ट धरता येणार नाहीत. एकट्यासाठी हा प्रोसेसर सांभाळणं शक्य नाही, तो पुढच्या आवृत्तीतून काढत आहोत. शेवटी, आजवरच्या सहकार्याबद्दल आभार.  हे मी दिवसभर म्हणतो.

मला वाटलं काका भडकतील. एक शिवी तरी हासडतील.

"मुलगी होती त्याका?" त्यांनी विचारलं.

"असं लिहिलंय."

"जनू कधी बोललो नाय," काका म्हणाले. "इतकी वर्षां नुसता पंख्याचाच बोललो."

मग त्यांनी दोन्ही मशीन रीतसर बंद केली आणि म्हातारीच्या पाठीवरचे पापड उलटून ठेवले. ती अजून गरम होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी गॅलरीत आलो तर दळवींच्या टॉवेलशेजारी आणखी एक टॉवेल. निळा, नवा, घडीच्या खुणा तशाच.

"हा कोणाचा?"

काका दारात तांदूळ निवडत बसले होते.  उठून आले, निळ्या टॉवेलला हात लावून बघितला. ऊन कडक होतं, वाळला होता.

"सुकलो," ते म्हणाले. दोरीवरून काढला, नळाखाली धरला, घट्ट पिळला आणि झटकून परत टाकला.