चिमीचं वजन घटलं!

"कमी भरलं," रत्नाबाई नर्स म्हणाल्या आणि जयवंती काट्यावर वाकली.

उपकेंद्रात लस टोचायची म्हणून कपडे काढलेली दीड महिन्याची चिमी काट्याच्या झोळीत मजेत पाय झाडत होती. काटा सांगत होता, तीन किलो चारशे. आणि तिच्या कार्डावर जन्माचं वजन होतं चक्क साडेतीन! म्हणजे दीड महिना दूध पिऊन पोरगी वाढायची सोडून आटली होती!

"वरचं काही पाजतेस?"

"नाय बाई, अंगावरचंच."

"मग पुरत नसणार. या गावाचं असंच आहे बघ. बाळं जन्मतात टमटमीत आणि पुढे रोडावतात. डॉक्टर मलाच विचारतात, तिथल्या आयांच्या दुधाला झालंय काय? उद्या ये, पालघरच्या दवाखान्याची चिठ्ठी देते."

घरी पोचेपर्यंत जयवंती दोनदा रडली. रविवारी सासूबाई बोईसरहून न्यायला येणार होत्या. साडेतीन किलोची नात म्हणून त्यांनी चाळभर पेढे वाटले होते. आता त्यांना काय सांगायचं? माझं दूधच पुरत नाही?

जयवंतीची आई, माई, मात्र काट्यावरच उखडली. "सरकारी काटा तो! त्याचा काय भरवसा?" चिमीला उचललं ते थेट बळवंत वाण्याच्या दुकानात. दुपटं काढून पोर पारड्यात, समोर वजनं. तीन किलो चारशे!

"मेल्या, मापात मारतोस ते ठावं हाय मला!"

"अगो माई, मारायचं असतं तर मी जास्त नसतं दाखवलं?"

माईने चिमीला परत दुपट्यात गुंडाळलं. तिने घरी येऊन हाळिवाची खीर केली, लसूण तळला, मेथीचे लाडू वळले. "खा." "आई, पोट फुटेल गो." "तुजं फुटू दे, पोरीचं भरू दे!" जयवंती खात होती, चिमीला पाजत होती आणि मधेच तिचं मनगट चिमटीत धरून बघत होती. बारीक झालं का? कालपेक्षा?

सकाळी उपकेंद्राच्या ओट्यावर आयांची रांग लागली होती. रत्नाबाई चिठ्ठी लिहायला बसल्या.

"थांबा," माई म्हणाली. "रातभर पाजलंय. पैला परत वजन करा." आणि कुणी हो-नाही म्हणायच्या आत तिने चिमीला गुंडाळलेल्या दुपट्यासकट झोळीत ठेवलं.

चार किलो दोनशे!

"बगा!" माईने टाळी वाजवली. "माज्या हाळिवाची करामत!"

"एका रात्रीत आठशे ग्रॅम?" रत्नाबाईंनी दुपटं ओढलं. खण्णकन काहीतरी त्यांच्या पायावर पडलं. त्या जोरात ओरडल्या. खाली माईचा अडकित्ता! चांगला बिडाचा, दणकट.

"हे काय?"

"काल पोर रोडावली म्हनलात, मग लोखंड नको पोरीजवल? नजर लागली ना!"

रत्नाबाई पाय चोळायच्या थांबल्या. "माई, चिमी तिसऱ्या दिवसाची असताना मी घरी येऊन वजन करून कार्डावर लिहिलं, तेव्हा तुम्ही दुपटं सोडू दिलं नव्हतं..."

"थंडी होती ना! आनि तवा तर लोखंड हवंच, ओली पोर ती."

जयवंतीने बोटांवर हिशेब केला. साडेतीनातून आठशे गेले. म्हणजे चिमी होतीच दोन सातशेची! आटली कुठली, चांगली पाऊण किलोच्या घरात वाढली! तिने चिमीला उराशी धरलं आणि कालपासून पहिल्यांदाच हसली.

"पन बाई, साडेतीन खोडू नका," माई हळूच म्हणाली. "पेढे वाटलेत."

रत्नाबाईंचं लक्षच नव्हतं. त्या ओट्यावरच्या रांगेकडे बघत होत्या. एकेकीच्या मांडीवर एकेक गाठोडं. सगळी टमटमीत.

"बायांनो," त्या बारीक आवाजात म्हणाल्या, "आपापलं लोखंड काढा बघू."

एकेक गाठोडं सुटू लागलं. मग खण्ण. ठण्ण. खण्ण. विळा, सुरी, नांगराचा फाळ, आणि एकीने तर दाराचं कुलूप!

रत्नाबाईंनी अर्धी लिहिलेली चिठ्ठी फाडली. "डॉक्टरांना मी काय सांगू आता?"

"सांगा, आयांच्या दुधाला काय झालं नाय," माई म्हणाली. "आनि तो अडकित्ता द्या इकडे. कालपासून सुपारी नाय खाल्ली."