देवमासा आणि शेवाळाचा ठिपका

निसर्ग संग्रहालयाच्या रंगारीबुवांना सगळे मिलिमीटर म्हणत, आणि ते नाव त्यांना पदवीसारखं वाटे. गेली अकरा वर्षं ते हंगामीच होते. यंदा मात्र संग्रहालयाच्या मॅडमनी शब्द दिला होता: मोठ्या दालनाची भिंत नीट रंगवून दाखवा, कायम करते.

भिंतीवर दोन जीव एकाच प्रमाणात, शेजारी शेजारी हवे होते. निळा देवमासा आणि दगडावरचं इवलंसं शेवाळ.

"तू निवांत राहा," मिलिमीटर बायकोला म्हणाले. "माझ्या हातून केसाइतकी चूक व्हायची नाही."

चूक झालीच नाही, तीच अडचण. देवमासा तीस मीटरचा आणि भिंत जेमतेम अकरा, म्हणून सगळंच तीन पटींनी लहान करावं लागलं. देवमासा चार दिवसांत उरकला. तीन मिलिमीटरचं शेवाळ हिशेबाने एक मिलिमीटर भरलं, आणि ते त्यांनी टाचणीच्या टोकाने, श्वास रोखून, सहा दिवस रंगवलं. देठ, पाती, काही म्हणता काही सोडलं नाही. दिसत कुणालाच नव्हतं, पण होतं.

पाहणीच्या दिवशी ते चहा पिऊन परतले, तर देवमाशाशेजारची जागा लख्ख.

"मावशी, इथे काही होतं का हो?" त्यांनी फरशी पुसणाऱ्या मावशींना विचारलं.

"माशीची घाण होती. मेली निघता निघेना. शेवटी नखाने खरवडली."

मिलिमीटरांच्या पायाखालची जमीन सरकली. जिन्यात मॅडमच्या चपला वाजत होत्या. टाचणी सापडेना, हाताला लागला तो भिंतीचा ब्रश. तो घाईत टेकवला आणि चांगला तीन सेंटिमीटरचा हिरवा गोळा उमटला.

"वा, शेवाळ छान उठून दिसतंय," मॅडम म्हणाल्या. "प्रमाण बरोबर आहे ना?"

नुसतं 'हो' म्हटलं असतं तर नोकरी पक्की होती. ते जिभेच्या टोकापर्यंत आलंही. पण खोटं माप सांगायचं म्हणजे मिलिमीटरांच्या जिवावर येई.

"शेवाळ खऱ्याच्या दहा पट झालंय," ते पडेल आवाजात म्हणाले. "याच्या शेजारी देवमासा तीनशे मीटरचा हवा."

"म्हणजे केवढा?"

"शेपूट फाटकाच्याही पलीकडे जाईल."

मॅडमनी भिंत पाहिली, मग खिडकीतून फाटक पाहिलं. मिलिमीटरांनी मनातल्या मनात रंगाचे डबे गोळा करायला घेतले.

"मग जाऊ दे की पलीकडे," मॅडम हसत म्हणाल्या. "दालनं, जिने, कुंपण, सगळ्या भिंती तुमच्या. लोक डोक्यापासून शेपटीपर्यंत चालत जातील."

दुपारी नेमणुकीचं पत्र घरी आलं. मिलिमीटरांच्या आनंदाला पारावार उरला नाही. बायकोने मात्र ते दोनदा वाचलं.

"अहो, यात 'देवमासा पूर्ण होईपर्यंत कायम' असं लिहिलंय. हे कसलं कायम?"

मिलिमीटर पायात चपला सरकवून थेट रंगांच्या दुकानात गेले आणि सगळ्यात बारीक ब्रश मागू लागले. दुकानदाराने दाखवलेला प्रत्येक ब्रश त्यांना जाडच वाटला.

"एवढं नाजूक काय रंगवताय?" दुकानदाराने वैतागून विचारलं.

"देवमासा," मिलिमीटर म्हणाले.