तीन घरांचा एकच शेरा

“पुढच्या महिन्यात या घरात नवं शिलाई मशीन येणार! आणि तेही माझ्या कमाईचं!”

तपासनीसांनी सकाळच्या चहाला ही घोषणा केली तेव्हा त्यांची बायको दातांनी दोरा तोडत होती. तिने मान वर केली नाही. ते निवृत्त झाल्यापासून या घरात पुढच्या महिन्यात बरंच काही यायचं राहिलं होतं.

तपासनीस हे त्यांचं आडनाव नव्हे. एका कार्यालयात खिडकीमागे बसून त्यांनी बत्तीस वर्षं लोकांचे अर्ज तपासले होते. एक चौकट रिकामी दिसली की अर्ज परत! मग समोरचा रडो, भांडो नाहीतर पाया पडो. सगळ्या चौकटी भरलेल्या असल्या तर खाली ठसठशीत शेरा, ‘तपासले. बरोबर आहे.’ हाताला इतकी सवय लागली होती की आता ते दुधाच्या पावतीवरही तो शेरा मारत.

मशीनचं दुखणं मात्र खरं होतं. बायको घरी शिलाईची कामं घ्यायची आणि जुनं मशीन चार टाके घालून पाचवा गिळायचं. गिऱ्हाइकं गळायला लागली होती. एका गृहस्थांची पँट तर भर बैठकीत मागून उसवली. बायको रात्रंदिवस हातशिलाई करून इज्जत सांभाळत होती, स्वतःची आणि गिऱ्हाइकांचीही. ते बघून तपासनीसांच्या पोटात तुटायचं, पण तसं तोंडाने म्हणणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. म्हणून ते घोषणा करत.

या वेळचा बेत ऑनलाइन सर्वेक्षणांचा होता. घरबसल्या प्रश्नांना उत्तरं द्यायची, पॉइंट साठवायचे आणि कंपनीच्या यादीतली वस्तू घ्यायची. यादीत मोटरचं शिलाई मशीन होतं! अडचण एवढीच की त्यांच्या भाषेत आठवड्याला दोनच सर्वेक्षणं यायची आणि दोन्ही टूथपेस्टची.

मग त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. बायकोची माहेरची भाषा वेगळी. सुनेची आणखी वेगळी. “अगं, या घरात दोन भाषा नुसत्या पडून आहेत! प्रत्येक भाषेत एक खातं उघडायचं. तिप्पट पॉइंट!”

“पण घर तर एकच ना आपलं?” बायकोने विचारलं.

“घर एक, अर्ज तीन! तुला त्यातलं कळायचं नाही.”

नियमांचं पान त्यांनी न वाचताच ‘वाचले’ अशी खूण केली. हेच केलं म्हणून ते बत्तीस वर्षं लोकांवर डाफरत आले होते.

काम जोरात सुरू झालं. बायकोने आणि सुनेने आपापल्या भाषेतल्या प्रश्नाचा अर्थ सांगायचा, उत्तराची खूण तपासनीसांनी करायची.

“हे काय विचारतायत?”

“वैवाहिक स्थिती.”

“आणि हे खालचे पर्याय?”

बायकोने चारही पर्याय वाचून दाखवले.

“बरं. तू जा, तुझा गॅस बघ.”

विधवांना विम्याची आणि बँकेची सर्वेक्षणं येतात, त्यांना पॉइंट जास्त, हे त्यांनी हेरून ठेवलं होतं. बायकोची पाठ वळताच त्यांनी एका बोटाने स्वतःला स्वर्गवासी केलं. सुनेच्या खात्यात मुलं किती या चौकटीत जास्तीत जास्त सहा मावत होती. त्यांनी सहा घातली. सुनेच्या लग्नाला तेव्हा आठ महिने झाले होते. आपल्या भाषेत ते स्वतः चाळीस वर्षांचे, अविवाहित आणि प्रवासाचे शौकीन राहिले.

प्रत्येक सर्वेक्षणाच्या शेवटी एक चौकट असे, ‘आणखी काही सांगायचे आहे?’ जगातला प्रत्येक शहाणा माणूस ती रिकामी सोडतो. तपासनीस सोडतील? तिन्ही भाषांत, प्रत्येक वेळी त्यांनी न चुकता लिहवून घेतलं, ‘तपासले. बरोबर आहे.’

पॉइंट भराभर चढले. मशीन हाताच्या अंतरावर आलं आणि एके दिवशी तिन्ही खात्यांवर एकच निरोप आला. कंपनीच्या संशोधक बाईंनी तीन भाषांतल्या तीन कुटुंबांना एकाच वेळी व्हिडिओवर चर्चेला बोलावलं होतं. हजर राहणाऱ्याला भरघोस पॉइंट. हिशेब केला तर मशीन बरोबर पदरात पडत होतं!

“नाही म्हणून टाका,” सून म्हणाली. तिचा चेहरा पडला होता.

“आता? मशीन दारात आलंय!”

गुरुवारी सकाळी साडेदहाला तपासनीस दिवाणखान्यात संगणकापुढे, बायको स्वयंपाकघरात फोन घेऊन आणि सून झोपायच्या खोलीत. सुनेच्या हातात चिठ्ठी होती, ‘मुले सहा. वाद नको.’ बायकोला चिठ्ठी द्यायची त्यांची छाती झाली नाही. “विचारतील ते मनाने सांग,” एवढंच ते म्हणाले.

संशोधक बाईंना तिन्ही भाषा येत होत्या आणि उत्साह त्याहून जास्त होता. “तीन भाषा, तीन घरं, एकमेकांची ओळख नाही, आणि तिघांचाही शेवटी एकच शेरा! आमचे साहेब म्हणतात, हा फार मोठा शोध आहे!”

तपासनीसांनी शेरा मारलेली दुधाची पावती हळूच उलटी केली.

“तुमची सहा मुलं दिसत नाहीत?” बाईंनी सुनेला विचारलं.

“झोपलीत.”

“सगळी? साडेदहाला?”

“वळण लावलंय,” सून म्हणाली आणि घाम पुसू लागली.

बाई आता हळुवार आवाजात बायकोकडे वळल्या. “ताई, यजमान गेल्यापासून घरातले निर्णय कोण घेतं?”

स्वयंपाकघरात बायकोने गॅस बारीक केला. दिवाणखान्यात तपासनीसांनी डोळे मिटले. बायकोच्या माहेरची भाषा त्यांना वाचता-बोलता येत नसली तरी हा प्रश्न कळण्याइतकी येत होती.

“ते होते तेव्हाही मीच घेत होते,” बायको म्हणाली.

“साफ खोटं!” चाळीस वर्षांचे अविवाहित गृहस्थ पडद्यावरच्या आपल्या खिडकीतून ओरडले. तोच आवाज विधवेच्या खिडकीतूनही आला.

बाई चमकल्या. तेवढ्यात दारावरची घंटा वाजली. तिन्ही खिडक्यांत वाजली! पाठोपाठ दाराबाहेरून कोणीतरी जीव तोडून ओरडलं, “वहिनी! पँट पुन्हा उसवली हो!”

तिन्ही घरांत एकच पँट उसवल्यावर संशोधन तिथेच संपलं.

बाई आधी संतापल्या. मग बायकोने उसवलेली ती पँट फोनसमोर धरली, मशीनचं सगळं सांगितलं, आणि बाई हसू लागल्या. साठवलेले सगळे पॉइंट मात्र रद्द. एका घराला एकच खातं मिळणार होतं. “या ताईंचं राहू द्या,” बाई म्हणाल्या. “एवढ्या सर्वेक्षणांत खरं उत्तर मला आज एकच मिळालं. फक्त माहिती नव्याने, खरी भरा.”

दुपारी बायको अर्ज भरायला बसली. तपासनीस शेजारी मान खाली घालून बसले होते. “मला तुला मशीन द्यायचं होतं गं,” ते पुटपुटले. “तुझी बोटं बघवत नाहीत.”

बायकोने एकदा त्यांच्याकडे बघितलं. अर्ज पुरा केला आणि फोन त्यांच्यापुढे सरकवला. “तपासा.”

त्यांनी चष्मा चढवला. मुलं एक, भाषा तीन, निर्णय कोण घेतं, मी. सगळं चोख होतं.

“अगं, वैवाहिक स्थितीची चौकट रिकामीच राहिली!”

“राहू दे. विम्याच्या सर्वेक्षणांना पॉइंट जास्त ना?” ती सुईत दोरा ओवत म्हणाली. “मशीन येईपर्यंत विचार करते.”

मग बत्तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी रिकामी चौकट असलेला अर्ज पुढे सोडला. खाली शेरा मारला, ‘तपासले. बरोबर आहे.’