डॉक्टरकीनंतर पुढे काय?

रोग्याला बरं करणं हा डॉक्टरच्या आयुष्यातला एक तात्पुरता टप्पा आहे, हे आता दिल्लीत सर्वमान्य झालं आहे. आर. के. पुरमच्या डॉ. श्रीरंगला ते जरा उशिरा कळलं. तो आपला सरकारी इस्पितळात इमानेइतबारे हृदयरोगी तपासत बसला होता. वृंदाला बघायला द्वारकाच्या सोसायटीत गेला, दोघांनी एकमेकांना पसंतही केलं, तेव्हा तिचे वडील विश्वनाथराव चहा ढवळत म्हणाले, "डॉक्टर आहात, अच्छा है. पण पुढे काय? आमच्या ब्लॉकमधले डॉक्टर तर सगळे कन्सल्टिंगमध्ये गेले, कंपन्यांना सल्ले देतात!"

श्रीरंगला वृंदा मनापासून हवी होती. त्यानं नोएडातल्या अलकनंदा मॅडमच्या मुलाखत-तयारी वर्गात नाव घातलं. मॅडम पूर्वी दातांच्या डॉक्टर होत्या. आता त्या डॉक्टरांमधला डॉक्टर उपटून काढतात. त्यांचे नियम असे: पेशंटला क्लायंट म्हणावं. दुखणं कुठलंही असो, त्याचे तीन भाग पाडावेत. आणि उत्तर माहीत असलं तरी चटकन देऊ नये, आधी विचाराला एक मिनिट मागावं. मॅडमच्या पाहणीनुसार नापास डॉक्टरांपैकी नव्वद टक्के जण उत्तर बरोबर आल्यामुळे नापास होतात. (उरलेले दहा टक्के मुलाखत घेणाऱ्याचं बीपी बघतात.)

गुरुग्राममध्ये एका कन्सल्टिंग कंपनीत मुलाखत झाली. मोठ्या साहेबांनी विचारलं, "डॉक्टरसाब, एक अस्पताल घाटे में है. क्या करेंगे?"

"सर, सोचने के लिए एक मिनिट?"

साहेब खूश झाले. श्रीरंगनं कागदावर तीन चौकोन काढले. दुसरा चौकोन भरेपर्यंत साहेबांना दरदरून घाम फुटला आणि हात छातीवर गेला. श्रीरंगनं स्वतःला आवरून पाहिलं. वृंदा आठवली, मॅडम आठवल्या. जमलं नाही. त्यानं साहेबांना गालिच्यावर निजवलं, टाय सोडला, अ‍ॅस्पिरिन चघळायला लावली, अँब्युलन्स बोलावली आणि इस्पितळापर्यंत त्यांचं मनगट धरून बसला. कित्येक दिवसांनी त्याला फार बरं वाटलं.

साहेब वाचले. खाटेवरूनच त्यांनी अभिप्राय पाठवला: 'उमेदवार मनमिळाऊ आहे. परंतु समस्येचं विश्लेषण न करता थेट उपायावर उडी मारतो. पर्यायांची तुलना केली नाही. क्लायंटला हात लावला.' (आभार त्यांनी वेगळ्या मेलमधून मानले. निवडीच्या कागदात तसा रकाना नाही.)

विश्वनाथरावांनी सगळं ऐकून घेतलं, डोळे पुसले. "मुलगा हिरा आहे, बिल्कुल हिरा!" म्हणाले, आणि वृंदाचं नोएडातल्या एका कन्सल्टंटशी ठरवलं. श्रीरंगचा नंबर मात्र त्यांनी जपून ठेवला आहे. वय झालंय, कधी लागेल सांगता येत नाही.

तुम्हाला विश्वनाथरावांचा राग आला असेल. साहजिक आहे. तुमच्याही फोनमध्ये असा एखादा डॉक्टर असेलच. त्याचं लग्न ठरलं का, हे एकदा विचारून बघा. घरी लग्नाची मुलगी असेल तर नका विचारू.