सोपाननानांचे ओले फिल्टर

सोपाननानांच्या दुकानात ‘या, बसा’ असं कोणी म्हणत नाही. नाना नुसतं ‘झटक’ म्हणतात. उंबऱ्याशी खुंटीला एक जाडा टॉवेल टांगलेला असतो. त्यानं आपण आपले खांदे, बाह्या, पँटचे पाय झटकायचे, चपला बाहेर ठेवायच्या आणि मगच आत पाऊल टाकायचं. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा जळगावच्या ऑफिसातून थेट आलो होतो आणि अंगात सकाळीच इस्त्री केलेला शर्ट होता.

“नाना, दिवसभर खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या अंगावर कुठली आलीय धूळ?”

“आला कशावर?”

“मोटरसायकलवर.”

“मंग झटक.”

मी झटकलं. शर्टातून जे काही उडालं ते पाहून मी पुन्हा वाद घातला नाही.

आमच्या असोद्याच्या बसस्टँडजवळ नानांचं पत्र्याचं दुकान आहे. फवारणीचे पंप आणि पाण्याची इंजिनं ते दुरुस्त करतातच, पण त्यांचा खरा जीव आहे तो लाकूड कापायच्या चेनसॉवर. आमच्याकडे तिला सगळे कटरच म्हणतात. नाना सत्तरीच्या पुढचे, अंगात बंडी, आणि सुतार पेन्सिल ठेवतो तिथे कानावर एक जुना टूथब्रश. दुकानात केरसुणीला बंदी आहे. त्यांच्या मते केरसुणी ही एका जागची धूळ उचलून सगळ्या घराला वाटायची वस्तू आहे. ते दिवसातून दोनदा ओल्या पोत्यानं फरशी पुसतात. दुरुस्तीला आलेली सगळी यंत्रं जुन्या सुती लुगड्यांच्या तुकड्यांखाली झाकलेली असतात. ही लुगडी अक्कांची, म्हणजे नानांच्या बायकोची. अक्कांना जाऊन सहा वर्षं झाली.

माझ्या शेताच्या बांधावर वेड्या बाभळी फार माजल्या होत्या, म्हणून मी हौसेनं कटर घेतलं होतं. महिनाभरात ते धूर ओकायला लागलं आणि बाभळीला टेकवलं की मान टाकायला लागलं. मला वाटलं, साखळी बोथट झाली. नानांनी साखळीकडे पाहिलंसुद्धा नाही. कानावरचा ब्रश काढून त्यांनी झाकणाच्या भोवतीचा भुसा साफ केला. मग चोक बंद केला, म्हणजे उघडताना कचरा आत कार्ब्युरेटरमध्ये सांडायला नको. हे सगळं झाल्यावर झाकण काढून त्यांनी हवेचा फिल्टर बाहेर काढला. भुसा, तेल आणि आमची काळी माती मिळून त्यावर चांगला बोटभर थर बसला होता.

“अरे बापा! ह्याच्यात तं हरभरा उगवीन!” नानांनी माझ्याकडे वर मान करून पाहिलं. “भो, तू शिंकतो का नही?”

“शिंकतो की.”

“नाकात धूय गेली का मानूस शिंकतो. इंजन शिंकत नही. ते बिचारं गिळते अन् आतून घासत मरते.”

नानांच्या बोलीत धुळीची धूय होते, आणि ती त्यांच्या तोंडी आली की एखाद्या भाऊबंदाचं नाव घेतल्यासारखी येते. त्या दिवशी त्यांनी मला पिस्टन म्हणजे काय, बारीक मातीनं त्यावर ओरखडे कसे पडतात आणि फिल्टरशिवाय कटर चालवणारा माणूस मनानं कसा असतो, हे सगळं समजावून सांगितलं. फिल्टर तळहातावर हळूहळू थोपटला, तान्ह्या बाळाला ढेकर काढायला थोपटतात तसा. कोमट पाण्यात साबणाची पूड टाकून धुतला. उजेडाकडे धरून जाळीला कुठे भोक आहे का पाहिलं. मग दुकानाच्या मागच्या भिंतीला या टोकापासून त्या टोकापर्यंत बांधलेल्या तारेवर चिमट्यानं अडकवला आणि सोबत एक चिठ्ठी लावली. चिठ्ठीवर माझं नाव नव्हतं. ‘बांधावरचा साहेब’ असं लिहिलं होतं.

“सुकू दे. ओला लावला का इंजन गुदमरते. उद्या येजो.”

दुसऱ्या दिवशी गेलो तेव्हा चहा झाला, पाऊणेक तास धुळीवर चर्चा झाली, आणि शेवटी फिल्टर मिळाला. कटर पहिल्याच ओढीला चालू झालं. तेव्हापासून तीन वर्षं, दर पंधरा दिवसांनी माझं हेच. आज द्यायचा, उद्या न्यायचा.

नानांसारखा कारागीर मी पाहिला नाही. जिथे बिघाड नाही तिथे ते हात घालत नाहीत. ‘प्लग चांगला हाये, घरी जाय’ असं सांगून माणसाला परत पाठवतात. कोणी कॉम्प्रेसरची हवा बाहेरून मारून फिल्टर साफ करतो असं कळलं की मात्र त्यांचा पारा चढतो. बाहेरून हवा मारली की धूळ जाळीत आणखी रुतते, मारायची तर आतून बाहेर मारावी, हे त्यांनी मला इतक्यांदा ऐकवलंय की मी ते झोपेतही म्हणू शकेन. एकदा यावलला नात्यातलं लग्न होतं. लग्न लागत असतानाच बसलेल्या पंगतीत वरण-बट्टी वाढली जात होती आणि मंडपामागे जनरेटर खोकत होता. नाना बट्टी कुस्करता कुस्करता थांबले. हात धुतला आणि उठले. दोन मिनिटांनी पंखे बंद, लाउडस्पीकर बंद, आणि शेवटची मंगलाष्टकं भटजींना नुसत्या गळ्यावर म्हणावी लागली. वरपक्ष खवळून मागे गेला, तर नाना जनरेटरचा फिल्टर थोपटत होते. “कान नही का तुमाले? दम लागला त्याले,” असं त्यांनी उलट नवरदेवाच्या मामालाच सुनावलं.

असो. आता माझ्या शहाणपणाची गोष्ट सांगतो.

गेल्या मे महिन्यात एका रात्री वादळ झालं आणि आमच्या गल्लीच्या तोंडावरचा कडुलिंब आडवा पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी कापलेल्या केळीचा ट्रॅक्टर त्यामागे अडकला. माल वेळेत ट्रकवर चढला नसता तर तिथेच काळा पडला असता. माझा फिल्टर गच्च भरलेला. मी धावत नानांकडे गेलो. त्या दिवशी त्यांनी मला झटकायलाही लावलं नाही. फिल्टर धुतला, दोनदा झटकला, बाहेर उन्हात तापलेल्या पत्र्यावर ठेवला आणि पंधरा मिनिटांनी माझ्या हातात दिला.

“सुकला. लाव.”

लिंब तासाभरात कापला, ट्रॅक्टर निघाला. पण ती पंधरा मिनिटं माझ्या डोक्यातून जाईनात. आमच्या जळगावच्या मे महिन्यात धुतलेलं धोतर दांडीवर टाकेपर्यंत वाळतं, आणि हे तळहाताएवढ्या जाळीचं कौतुक मी तीन वर्षं ऐकत होतो! कटर घेऊन परत गेलो आणि चार माणसांसमोर, हसत हसत, म्हणालो, “काय नाना, पंधरा मिनिटांत तर वाळतो! मग आम्हाला उद्याच्या खेपा का घालायला लावता?”

नाना फडकं घेऊन आधीच पुसलेलं टेबल पुसायला लागले.

मला वाटलं, चोरी पकडली. मी हा किस्सा पारावर सांगितला, ऑफिसात सांगितला. जाऊन दोन नवे फिल्टर आणले, म्हणजे एक मळला की दुसरा लावता येईल आणि खेपच नको. बाकीचेही हुशार झाले. फिल्टर धुऊन घ्यायचा, पत्र्यावर टाकायचा आणि उभ्या उभ्या घेऊन जायचं. बसमधून जाताना मला दुकानाची मागची भिंत दिसायची. तारेवर नुसते चिमटे होते. मला त्याचं काही वाटलं नाही.

एका शनिवारी रशीदभाई वाटेत भेटले. त्यांची जळगावला लाकडाची वखार आहे, पाच कटर आहेत, आणि नानांचे ते सगळ्यांत जुने गिऱ्हाईक. त्यांनी मला रस्त्याच्या कडेला घेतलं.

“साहेब, तुम्ही तं गडबड करून टाकली.”

“मी काय केलं?”

रशीदभाईंनी स्कूटरची डिकी उघडली. आत नव्या फिल्टरांची न फोडलेली पाकिटं होती. “मला काय माहीत नव्हतं, जाळी किती वेळात सुकते? सहा वर्षं झाली, मी आज देतो, उद्या नेतो. पहिले असं नव्हतं. अक्का गेल्या, तेव्हापासून नानांचा फिल्टर लवकर सुकत नाही.”

मी त्या न फोडलेल्या पाकिटांकडे पाहिलं.

मग त्यांनी बाकीचं सांगितलं. नानांचा मुलगा विलास सुरतला असतो. चांगला मुलगा आहे. दरवर्षी येतो आणि म्हणतो, नाना, इथं एकटे कशाला राहता, चला माझ्याकडे. नाना त्याला मागच्या भिंतीशी नेतात आणि तारेवरच्या चिठ्ठ्या वाचून दाखवतात. हा पाह्य, बांधावरचा साहेब. हा रशीद. हा पंपवाला. बठ्ठे उद्या येनार हायेत. कसा येऊ मी?

“उद्या इतवार,” रशीदभाई म्हणाले. “विलास येतोय. तारेवर काही नाही. आठ दिवसांपासून नाना दुकानात बसून आहेत. काल मला म्हणाले, बॅग कुठी ठेवली ते आठवत नही.”

मला स्वतःची इतकी लाज वाटली की रशीदभाईंकडे वर बघवेना. ज्या माणसानं मला कधी खोटा बिघाड सांगितला नाही, त्याचं एकुलतं एक खोटं मी चव्हाट्यावर मांडून आलो होतो.

रविवारी सकाळी मी माझे फिल्टर काढले. दोन धुतलेले, एक अगदी कोरा. कोरा नेऊन काय सांगणार? अंगणातली माती ओली केली, त्यात कटरचं तेल घातलं, भुसा घातला आणि दोन्ही हातांनी त्या कोऱ्या फिल्टरला आतून-बाहेरून माखलं. तीन वर्षांची सगळी शिकवण त्या क्षणी मी मातीत घातली. बायको म्हणाली, “अहो, डोकं फिरलंय का तुमचं?” मी हो म्हणालो आणि निघालो.

दुकानात विलास उभा होता. पायाशी नानांच्या कपड्यांची बॅग, चेन लावलेली. नाना स्टुलावर बसले होते, कानावर ब्रश नव्हता. तार रिकामी होती.

मी उंबऱ्यावर टॉवेल घेऊन झटकायला लागलो. कोणी सांगितलं नव्हतं.

“नाना, फिल्टर फार घाण झालाय.”

नानांनी तो हातात घेतला. उजेडाकडे धरला, फिरवला, आतल्या बाजूनं बोट फिरवलं. मग बोटाला लागलेली माती अंगठ्यानं चोळून पाहिली. बाहेर रशीदभाईंची स्कूटर थांबल्याचा आवाज आला. त्यांच्या मागे पंपवाला, आणि त्याच्या मागे आणखी कोणी कोणी, प्रत्येकाच्या हातात काहीतरी मळलेलं. सगळे ओळीनं झटकत होते.

नाना उठले. बॅगेवरून पाय टाकून पलीकडे गेले, बादलीत पाणी ओतलं. फिल्टर धुतला, तारेवर अडकवला, चिठ्ठी लिहून लावली.

“लई घान हाये,” ते विलासला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. “ह्याले येळ लागीन. उद्या येजो.”

“येतो नाना.”

मी चपला घालत होतो. नाना उंबऱ्याशी आले, माझ्या खांद्यावरची नसलेली धूळ हातानं झटकली आणि विलासकडे पाठ करून, अगदी हळू म्हणाले,

“राजा, धूय बाहेरून बसते. आतून नही. पुढच्या खेपेले माती बाहेरूनच लावजो.”